४८ व्होल्ट एलएफपी बॅटरी : बीएमएस सारखा ट्रिप होतोय, मेकॅनिक बायपास करायला सांगतोय, करू का?

वऱ्हाडी_सोलर

नमस्कार मंडळी. अकोल्याजवळच्या एका गावात घराला लागूनच माझं ऑनलाइन फॉर्मचं केंद्र आहे, दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि घरचे पंखे, फ्रीज असा लोड. आमच्याकडे लाईटचं तुम्हाला माहितीच आहे. आधी ट्यूबलर बॅटऱ्या होत्या, त्या बसल्या म्हणून यंदा १०० एएचचे १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल, १०० अँपिअरचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारा बोर्ड) आणि ३ किलोवॉटचा ४८ व्होल्टचा हायब्रीड इन्व्हर्टर घेतला, पॅनल छतावर होतेच. जोडणी तालुक्याच्या एका मेकॅनिकने करून दिली.

आता दोन त्रास आहेत. एक म्हणजे इन्व्हर्टरची वायर बॅटरीला लावली की फाडकन ठिणगी उडते आणि बीएमएस शॉर्ट सर्किट दाखवून बंद होतो, परत परत लावून बघावं लागतं तेव्हा कुठे एकदा चालू होतो. दुसरा त्रास जास्त मोठा आहे, दुपारी ऊन कडक असलं की ५६ व्होल्टच्या आसपास बीएमएस चार्जिंग तोडतो आणि लगेच इन्व्हर्टर पण ओव्हर व्होल्टेजचा एरर देऊन बंद पडतो, समोर माणूस बसलेला असतो, अर्धा फॉर्म भरलेला असतो आणि सगळं अंधारात. ५८.४ पर्यंत चार्ज व्हायला पाहिजे असं सेलवाल्याने सांगितलं होतं, मग ५६ ला का तोडतो?

मेकॅनिक म्हणतो बीएमएस नाजूक असतात, बी मायनस आणि पी मायनसमध्ये एक जाड वायर टाकून देतो, बॅलन्सिंग चालू राहील आणि कटकट संपेल. करू का? बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये त्याने ६३ अँपिअरची घरातली साधी एमसीबी टाकली आहे, फ्यूज वगैरे काही नाही. बॅटरी ज्या खोलीत आहे तिथून भिंतीपलीकडे मुलं झोपतात म्हणून विचारतोय.

सर्किटवाला_पुणे

भाऊ, ती वायर टाकू देऊ नको. बाकी सगळं नंतर, हे आधी.

बी मायनस म्हणजे सेलची खरी निगेटिव्ह आणि पी मायनस म्हणजे बाहेर जाणारी निगेटिव्ह, या दोघांच्या मधे मॉस्फेटच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, दोन रांगा असतात, पाठीला पाठ लावून, एक रांग चार्जिंग तोडते आणि दुसरी डिस्चार्ज तोडते. बीएमएस जे काही संरक्षण देतो ते याच जागी देतो. तिथे वायर टाकली की त्याचं डोकं चालू राहील आणि हात बांधलेले असतील, एखादा सेल ३.९ ला गेलेला अ‍ॅपमध्ये दिसेल पण थांबवणारं कुणी नसेल.

आता ५६ चं गणित. बीएमएस पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज बघून तोडत नाही, एकेक सेल बघतो. एक जरी सेल ३.६५ ला पोचला की चार्जिंग बंद. समज १५ सेल ३.४९ वर आहेत, ते झाले ५२.३५, आणि एक पुढे पळून ३.६५ ला गेला, बेरीज बरोबर ५६. म्हणजे बीएमएस अगदी बरोबर वागतोय, तुझा एक सेल बाकीच्यांपेक्षा पुढे आहे एवढंच तो सांगतोय. ५८.४ हा आकडा सोळाच्या सोळा सेल एकाच वेळी ३.६५ ला पोचले तरच येतो आणि घरच्या बॅटरीला तिथपर्यंत न्यायची गरजही नसते, कारण एलएफपीमध्ये ३.४५ च्या वर फारशी एनर्जी उरलेलीच नसते, तिथून व्होल्टेज नुसता भिंतीसारखा चढतो.

इन्व्हर्टर का बंद पडतो ते पण समजून घे. बीएमएसने फक्त चार्जिंगचे मॉस्फेट बंद केलेत, डिस्चार्ज चालूच आहे, म्हणजे खरं तर लोड जायला नको. पण एमपीपीटी, म्हणजे इन्व्हर्टरमधला पॅनलची वीज बॅटरीत भरणारा भाग, त्या क्षणी तीस चाळीस अँपिअर ओतत असतो आणि समोरची बॅटरी अचानक नाहीशी होते, तो करंट जाणार कुठे, इन्व्हर्टरच्या आतल्या कपॅसिटरवर व्होल्टेज उडी मारतो आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. रोज असं होत राहिलं तर कधीतरी एमपीपीटीचा सेक्शनच जाईल. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांमध्ये असे बरेच असतात.

त्यामुळे चार्जिंग थांबवायचं काम इन्व्हर्टरचं, बीएमएसने ते काम रोज करायचंच नाही. सेटिंगमध्ये बॅटरी टाइप बहुतेक अजून ट्यूबलरच असेल, तो यूजर कर. चार्जिंग व्होल्टेज ५५.२ ठेव म्हणजे सेलला ३.४५ पडतात, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज) ५४, लो कटऑफ ४८, चार्जिंग करंट ३० अँपिअरवर आण. आणि इक्वलायझेशन नावाचं जे काही असेल ते बंदच कर, ट्यूबलरला ते चांगलं असतं कारण ठरावीक दिवसांनी व्होल्टेज वर नेऊन प्लेटा साफ होतात, लिथियमला तेच घातक.

ठिणगीचं कारण वेगळं आहे, त्यात सेलचा काही संबंध नाही. इन्व्हर्टरच्या आत पाच दहा हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर रिकामे बसलेले असतात, वायर टेकवली की ते एका क्षणात भरायला बघतात आणि तेवढ्यापुरता कित्येकशे अँपिअर करंट जातो, बीएमएसला तो शॉर्टच वाटतो. उपाय म्हणजे प्रीचार्ज. ३० ओहम ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि एक पुश बटन, दोन्ही सिरीजमध्ये, मेन स्विचच्या दोन टोकांना समांतर. मेन स्विच ऑफ असताना बटन तीन सेकंद दाबून धरायचं, करंट दोन अँपिअरच्या वर जात नाही, कपॅसिटर भरले की बटन धरून ठेवूनच मेन ऑन करायचा. ठिणगी नाही, ट्रिप नाही. रेझिस्टर मिळेपर्यंत जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून पण काम होतं, थंड असताना त्याचा रेझिस्टन्स चाळीस ओहमच्या आसपास असतो.

सांगलीकर_ऊसवाला

बायपास करू नका हे मान्य. पण पाव्हणं, एमसीबीबद्दल एवढं घाबरायचं कारण मला दिसत नाही. माझ्या मळ्यावर अशीच ४८ व्होल्टची बँक आहे, साधी एसी एमसीबी टाकलेली आहे, रोज तिनंच चालू बंद करतो, काही झालेलं नाही. आणि बीएमएसमध्ये शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन असतंच की, मायक्रोसेकंदात तोडतो तो, फ्यूज वितळायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग फ्यूज आणि होल्डरला पैसे कशाला घालायचे? गंमत म्हणून नाही, खरंच विचारतोय, कुणीतरी नीट सांगा.

ऋतू_ग्रिडस्टोरेज

सांगलीकर, प्रश्न रास्त आहे, आणि मी मोठ्या कंटेनरवाल्या बॅटऱ्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करते तिथेही नवीन आलेले इंजिनिअर हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एमसीबी. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडताना जो आर्क (सलग पेटती ठिणगी) पडतो तो आपोआप विझायला संधी मिळते. डीसीमध्ये ती संधी नाही, आर्क ओढून ओढून लांब करून, थंड करूनच विझवावा लागतो. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर चांगल्या कंपन्यांच्या काही एसी एमसीबींच्या डेटाशीटमध्ये एका पोलला ६० व्होल्ट डीसीपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, तुमची त्यातली असेल तर रोजच्या चालू बंदला ती टिकणारच. पण आपली बॅटरी ५८ पर्यंत जाऊ शकते म्हणजे अगदी काठावर, आणि रोजचा पन्नास अँपिअर तोडणं वेगळं, फॉल्ट तोडणं वेगळं. १०० एएचच्या सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स साधारण अर्धा मिलिओहम धरा, १६ सेलचे ८, बसबार (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या), लग आणि केबलचे दोन तीन, म्हणजे सगळा मिळून १० मिलिओहमच्या आसपास. ५२ भागिले ०.०१० केलं की ५,२०० अँपिअर येतात. मोठ्या सेलला हा आकडा अजून वर जातो, २८० एएचच्या बँकेत १० हजारांच्या पुढे. त्या डब्यावर छापलेली तोडायची क्षमता कुठल्या व्होल्टेजला आहे आणि एसीची आहे की डीसीची हे वाचल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नका.

अजून एक, जे दुकानदारही सांगत नाहीत. सोलरसाठी मिळणाऱ्या बऱ्याच डीसी एमसीबींमध्ये आत चुंबक असतं आणि त्यावर प्लस मायनस छापलेलं असतं, करंट त्याच दिशेने असला तरच आर्क बाहेर फेकला जातो, उलट दिशेने असेल तर आर्क आतच जळत राहतो आणि एमसीबी पेटते. पॅनलचा करंट एकाच दिशेने जातो म्हणून तिथे ती बरोबर, पण बॅटरीचा करंट चार्जिंगला एकीकडे आणि डिस्चार्जला दुसरीकडे. बॅटरीला नॉन पोलराइज्डच लागते. वऱ्हाडी, तुमची ६३ ची एमसीबी तर तशीही कमी पडते, ३ किलोवॉट पूर्ण लोडला इन्व्हर्टरची घट धरून सत्तरच्या आसपास अँपिअर होतात.

आता बीएमएस मायक्रोसेकंदात तोडतो हा मुद्दा. तोडतो, मॉस्फेट धडधाकट असेपर्यंत. पण मॉस्फेट जातो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होऊन जातो, म्हणजे कायमचा ऑन. अ‍ॅप उघडलं तर सगळं हिरवं दिसेल आणि प्रत्यक्षात तोडणारं काही उरलेलं नसेल. दुसरं म्हणजे बीएमएस निगेटिव्हमध्ये बसलेला असतो, त्याच्या अलीकडे बॅटरीच्या पेटीतच पॉझिटिव्हची केबल घासून कुठल्या सेलच्या निगेटिव्हला टेकली तर तो करंट बीएमएसमधून जातच नाही. फ्यूजला ना सॉफ्टवेअर लागतं ना सप्लाय, म्हणून तो हवा.

हे नुसतं पुस्तकी नाही. दक्षिण कोरियात २०१७ ते २०१९ मध्ये मोठ्या बॅटरी स्टोरेजच्या २३ आगी लागल्या. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, जून २०१९ मध्ये निष्कर्ष आले, त्यात चार कारणं होती आणि त्यातलं एक नेमकं हेच, की बाहेरून विजेचा धक्का किंवा शॉर्ट आला तेव्हा बॅटरीची संरक्षण यंत्रणा अपुरी पडली. रॅकच्या फ्यूजने फॉल्ट करंट पुरेशा वेगाने तोडला नाही, डीसी कॉन्टॅक्टर फुटला आणि संरक्षणाच्या पेटीतच दुसरा शॉर्ट होऊन आग लागली. म्हणजे संरक्षणाचं सामान होतं पण एकमेकांशी जुळलेलं नव्हतं. बाकीची कारणं धूळ आणि ओलावा, चुकीची जोडणी, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणा एकत्र नीट न चालणं. मला सगळ्यात बोलका आकडा वाटतो तो हा की २३ पैकी १४ आगी बॅटरी फुल चार्ज होऊन नुसती उभी असताना लागल्या. म्हणून रात्री लोड नाही, चार्जिंग नाही, आता काय होणार असं कुणी म्हटलं की मी हेच सांगते. त्या बॅटऱ्या प्रचंड मोठ्या होत्या आणि घरच्या एलएफपीला तेवढा धोका नाही हेही खरं, एलएफपी तापून बेकाबू व्हायला जास्त तापमान लागतं, पण पेटीत ५ हजार अँपिअर देण्याची ताकद तुमच्याकडेही आहेच.

वऱ्हाडी_सोलर

ताई, दादा, खूप आभार. वायर टाकू देणार नाही, मेकॅनिकला आत्ताच फोन करून सांगितलं. सेटिंग पण बदलल्या, टाइप खरंच ट्यूबलरच होता.

आता फ्यूज कुठला घेऊ ते सांगा, अकोल्यात गाडीच्या ऑडिओवाल्याकडे सोनेरी पट्टीचा १०० अँपिअरचा मिळतो तो चालेल का? आणि कुठे लावायचा, इन्व्हर्टरजवळ की बॅटरीजवळ? आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री जातं, त्याचं काय करायचं तेही सांगा, बॅटरी सध्या पत्र्याखालच्या माळ्यावर आहे आणि बीएमएसची ती काळी टेंपरेचरची वायर तशीच बाहेर लोंबकळतेय.

सर्किटवाला_पुणे

ऑडिओवाला नको. त्यावर बारीक अक्षरात ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ५२ व्होल्टला तो वितळेल पण आत आर्क चालूच राहील. इंडस्ट्रियल इलेक्ट्रिकलच्या दुकानात जा आणि एचआरसी फ्यूज माग, चिनी मातीच्या चौकोनी बॉडीचा, आत वाळू भरलेला असतो, तीच वाळू आर्क विझवते. एमआयडीसीला माल देणाऱ्या दुकानात नक्की मिळेल. १०० अँपिअरचा घे, आणि बॉडीवर एसीच्या आकड्यासोबत डीसी व्होल्टेज आणि किलोअँपिअर छापलेलं आहे का ते बघूनच घे, नसेल तर दुसरा माग. होल्डर पण त्याच मापाचा. टी क्लास फ्यूज मिळाला तर उत्तमच, पण आपल्याकडे तो बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो.

जागा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला जितकी जवळ तितकी चांगली. फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची केबल उघडीच राहिली ना, उंदराने कुरतडली तर कोण तोडणार. केबल २५ स्क्वेअर एमएमची कॉपर ठेव, फ्यूज केबल जळायच्या आधी उडला पाहिजे हे साधं सूत्र.

माळ्यावरून बॅटरी आधी खाली आण भाऊ. पत्र्याखाली दुपारी हवा ४५ च्याही खूप वर जाते आणि बरेचसे बीएमएस ५५ च्या आसपास चार्जिंग बंद करतात, म्हणजे ऐन उन्हात फुकटची वीज घेता येणार नाही. जमिनीवर, सावलीच्या खोलीत, भिंतीपासून थोडी हवा खेळेल अशी ठेव. आणि मुलं झोपतात त्या भिंतीला लागून नको, केंद्राच्या बाजूला सरकव. टेंपरेचरची वायर म्हणजे त्याच्या टोकाला एनटीसी, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर आहे, तो दाण्याएवढा मणी मधल्या दोन सेलच्या मधे घाल आणि कॅप्टॉन (उष्णता सहन करणाऱ्या) टेपने चिकटव. बाहेर लोंबकळतोय तोवर बीएमएस खोलीचं तापमान मोजतोय, सेलचं नाही.

कामाला हात लावताना क्रम लक्षात ठेव. आधी पॅनलचा आयसोलेटर बंद, मग लोड, मग इन्व्हर्टर, सगळ्यात शेवटी बॅटरी. पॅनल चालू असताना बॅटरी कधीच काढायची नाही, तोच दुपारवाला प्रकार होतो. बॅलन्सिंगचा पातळ वायरचा सॉकेट काढायची वेळ आली तर परत घालण्याआधी मल्टीमीटरने एकेक पिन मोज, निगेटिव्हपासून चढत ३.३, ६.६, ९.९ असं दिसलं पाहिजे. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर बीएमएस जागेवर जातो.

आणि वरचं मॉस्फेटचं वाचून काळजी वाटत असेल तर एक टेस्ट कर, फक्त एक पंखा चालू ठेवून अ‍ॅपमधून डिस्चार्ज बंद कर. इन्व्हर्टर बंद पडला तर डिस्चार्जचे मॉस्फेट ठीक आहेत. पंखा फिरतच राहिला तर बीएमएस बदल. दर दोन तीन महिन्यांनी हे करत जा, मात्र पॅनल बंद करून, नाहीतर पंखा सोलरवरच फिरत राहील आणि तू फसशील.

सांगलीकर_ऊसवाला

ताई, आत्ता जाऊन बघितलं, माझ्या एमसीबीवर फक्त एसी लिहिलंय, डीसीचा काही उल्लेख नाही. सांगलीत एचआरसी बघतो. बॅलन्सिंगबद्दल पण जरा सांगा, वऱ्हाडींचा एक सेल पुढे पळतोय तो बीएमएस स्वतः जाग्यावर आणत नाही का?

ऋतू_ग्रिडस्टोरेज

आणतो पण फार सावकाश. साध्या बीएमएसमध्ये पॅसिव्ह बॅलन्सिंग असतं, म्हणजे पुढे गेलेल्या सेलवर एक रेझिस्टर लावून त्यातला करंट जाळायचा, तोही ५० मिलिअँपिअर वगैरे. सेल ३ एएचने पुढे असेल तर ६० तास लागतील, आणि ते ६० तास पण बॅटरी फुलच्या जवळ असतानाचे हवेत, कारण एलएफपीचा मधला भाग इतका सपाट असतो की तिथे व्होल्टेजवरून कोण पुढे कोण मागे हे कळतच नाही. म्हणून चार्जिंग ५५.२ ला नेऊन तिथे तास दोन तास धरून ठेवलेलं चांगलं, आणि बीएमएसमध्ये बॅलन्स सुरू व्हायचा आकडा ३.४ च्या वर ठेवा.

पण वऱ्हाडी, त्याआधी एक गोष्ट तपासा. पुढे पळणारा सेल खरंच पुढे आहे का, की जोड ढिला आहे? अ‍ॅपमध्ये त्याचा व्होल्टेज दोनदा बघा, दोन्ही वेळा बॅटरी अर्धवट भरलेली असताना, एकदा जोरात चार्जिंग चालू असताना आणि एकदा जोरात लोड असताना. दोन्ही वेळा जवळजवळ बाकीच्यांच्या बरोबरच असेल तर बॅलन्सचा प्रश्न. चार्जिंगला जास्त आणि लोडला कमी असेल तर तिथे रेझिस्टन्स आहे.

वऱ्हाडी_सोलर

ताई, बघितलं. ७ नंबरचा सेल आहे. ३० अँपिअर चार्जिंगला बाकीचे ३.३६ आणि हा ३.४१. मग ऊन गेल्यावर झेरॉक्स, फ्रीज, मिक्सर, इस्त्री सगळं लावून ५० अँपिअर काढले तर बाकीचे ३.२४ आणि हा ३.१६. म्हणजे सेल खराब निघाला का? सेलवाला परत घेईल असं वाटत नाही.

ऋतू_ग्रिडस्टोरेज

सेलला अजून दोष देऊ नका. ५० अँपिअरला ०.०८ व्होल्ट म्हणजे १.६ मिलिओहम जास्तीचा, आणि ३० अँपिअरला तोच हिशेब ०.०५ येतो, तुमचा आकडा तंतोतंत जुळतोय. चांगल्या सेलचा स्वतःचा रेझिस्टन्सच अर्धा मिलिओहम, त्यामुळे बहुतेक नट ढिला आहे किंवा बसबारखाली काळा थर आहे. ५० अँपिअरला त्या एका जोडावर ४ वॅट उष्णता तयार होतेय, सतत, आणि तापून थंड होऊन नट अजून ढिला होत जातो. शिवाय बीएमएसची सेन्सची वायर बसबारवर बसवलेली असल्यामुळे तो या खोट्या वाढीला खरं समजतो आणि ७ नंबरचा सेल पुढे आहे असं धरून विनाकारण त्यालाच रिकामा करत राहतो.

मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, लोड चालू असताना एक टोक सेलच्या टर्मिनलच्या धातूवर आणि दुसरं त्याच्यावरच्या बसबारवर, ७ नंबरच्या दोन्ही बाजूंना. चांगल्या जोडावर दोन चार मिलिव्होल्टच्या वर दिसू नये. जिथे ७०-८० दिसेल तोच जोड. मग सर्किटवाल्यांनी सांगितलेल्या क्रमाने सगळं बंद करून तो नट काढा, टर्मिनल आणि बसबार दोन्ही बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, धूळ पुसा आणि सेलच्या डेटाशीटमध्ये दिलेल्या टॉर्कने टॉर्क रेंचनेच आवळा, हाताच्या अंदाजाने नको, अ‍ॅल्युमिनियमची चुडी पटकन जाते. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. एक ढिला सापडला म्हणजे उरलेले जोडही तसेच आवळलेले असणार, सगळेच तपासा.

दोन्ही बाजूंना मिलिव्होल्ट कमीच दिसले तर मात्र सेलच्या आत प्रश्न आहे, तेव्हा ते आकडे इथे टाका आणि फोटो काढून ठेवा, सेलवाल्याशी बोलायला ते लागतील.